दंड घातलेलं लुगडं

आईचं इरकली लुगडं मी कापलं, त्याला आता तीन वर्षं झाली. मे महिन्यातली सुट्टीची सकाळ होती. जेवणाच्या टेबलावर लुगडं पसरलं, मुद्दाम धार लावून आणलेली कात्री हातात घेतली आणि दुपारी दोनपर्यंत त्याचे दहा-दहा इंचांचे ५४ चौकोन केले. चौकोनांची चळत नीट रचून ठेवली आणि मग चहा टाकला. आपण आईसाठी काहीतरी मोठं करतो आहोत, असं तेव्हा मनापासून वाटत होतं.

त्या कामात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या सगळ्या इथे लिहिते आहे. कुणाच्या कपाटात असं एखादं वस्त्र असेल आणि त्याची गोधडी करावी असं मनात घोळत असेल, तर कात्री उचलण्याआधी त्यांनी हे वाचावं.

आमचं गाव माणदेशातलं, दहिवडीच्या पुढचं. आई २०१६ साली गेली. जन्मभर तिने नऊवारीच नेसली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी हे लुगडं निघालं: गर्द हिरवं अंग, तांबडे काठ आणि तांबडा टोपपदर. लग्नात तिला माहेरून मिळालेलं. ते मी पुण्याला घेऊन आले आणि सहा वर्षं कपाटात ठेवलं. ताईने तेव्हा विचारलं होतं, "लुगडं तू नेतेस का?" मी "हो" म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही. ती देऊन टाकते आहे, असं मी धरून चालले. ती माझ्याकडे सांभाळायला ठेवते आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाकीच्या चुका या एका गैरसमजातून निघाल्या.

कपाटात ठेवतानाच पहिलं नुकसान सुरू झालं होतं. ट्रंकेतल्या ज्या घडीत लुगडं सापडलं, त्याच घडीत मी ते ठेवलं, वर प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि डांबराच्या गोळ्या टाकल्या. सुती कापड वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की त्या रेषेवर धागे मोडतात. उलगडून उजेडासमोर धरलं तेव्हा घड्यांच्या जागी बारीक जाळी दिसत होती. ट्रंकेच्या गंजाचे दोन डागही होते, आणि त्या डागांखालचं कापड बोट लावलं तरी फाटेल असं झालं होतं. दर तीन-चार महिन्यांनी काढून, सावलीत वारा देऊन, घडी बदलून, जुन्या धुतलेल्या धोतरात बांधून ठेवलं असतं तर एवढं विरलं नसतं. आई तेच करायची. मी ते लहानपणापासून पाहिलेलं होतं.

दुसरी चूक धुण्याची. डांबराच्या गोळ्यांचा वास घालवायचा म्हणून मी लुगडं साबणाची पूड घालून यंत्रात धुतलं. त्या वासाच्या खाली दुसराही एक वास होता. चुलीचा धूर, मिसरी आणि शिकेकाई. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं की यायचा तो. धुण्याआधी मी क्षणभर लुगडं तोंडाशी धरलं होतं आणि तो मला आलाही होता. तरीही मी बटण दाबलं, कारण काम स्वच्छ कापडावर करायचं असतं असं मी शिकले होते. वाळलेल्या लुगड्याला बाजारातल्या साबणाचा वास येत होता. पुढच्या बऱ्याच चुका थोड्याफार निस्तरता आल्या, ही नाही आली.

मग कापणं. परदेशी पद्धतीच्या आठवणींच्या गोधड्या कशा करतात, हे मी चित्रफितींमध्ये पाहिलं होतं. मेलेल्या वडिलांचे शर्ट, मुलांचे शाळेतले टीशर्ट यांचे सारखे चौकोन कापायचे, रांगेत जोडायचे, खाली फायबरचा थर आणि मग अस्तर. ती रीत चांगली आहे. पण ती करणारे लोक जुन्या कापडाला मागून इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावून आधी बळ देतात, ते मी वगळलं. शर्टाचं कापड आणि पन्नासहून जास्त वर्षांचं विरलेलं लुगडं यांत फरक आहे, याचाही विचार केला नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमच्याकडची रीत मला ठाऊक असून मी ती बाजूला सारली. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. वाकळेसाठी लुगडं शक्यतो कापत नाहीत. ते अखंड अंथरतात, तिपदरी घडी घालतात. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याच्या तीन घड्या केल्या की माणूस पाय पसरून झोपेल एवढे तीन थर एका लुगड्यात मिळतात. आत जुनी धोतरं, विरलेले सदरे, लहान मुलांचे कपडे असे आणखी दोन-तीन थर. वरून धावदोरा. विरलेल्या कापडाला शेजारच्या थराचा आधार मिळतो, आणि प्रत्येक थर दुसऱ्याला धरून ठेवतो. मला मात्र भिंतीवर टांगता येईल, पाहुण्यांना दाखवता येईल अशी वस्तू हवी होती. म्हणून मी चौकोन केले.

चौकोन करताना मी फक्त "चांगला" भाग घेतला. विरलेल्या घड्या टाळल्या, गंजाचे डाग टाळले, रफू टाळलं. टोपपदर ऐन मधोमध यावा म्हणून तो अंगापासून सरळ कापून काढला. इरकल म्हणजे बागलकोट जिल्ह्यातलं इलकल. तिथल्या विणकरांच्या हातात एक खास कसब आहे. अंगाचा सुती ताणा वेगळा असतो, पदराचा रेशमी ताणा वेगळा, आणि विणायच्या आधी एका ताण्याचे धागे दुसऱ्याच्या धाग्यांत अडकवून घेतात. म्हणजे पदर अंगाला शिवलेला नसतो, गुंफलेला असतो. त्या सांध्यावरच मी कात्री चालवली.

लुगड्याच्या मध्यावर एक आडवी शिवणही होती. हिरव्या कापडावर काळ्या दोऱ्याची, जराशी वाकडी. ती मला खुपली. तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून मी कापलं आणि ती पट्टी उरलेल्या तुकड्यांच्या पिशवीत टाकली. कापण्याआधी लुगड्याचा एक साधा फोटोसुद्धा काढला नाही. अखंड लुगडं पसरलेलं कसं दिसायचं, याचं एकही चित्र आज आमच्या घरात नाही.

अस्तरासाठी काठाला शोभेल असं नवं तांबडं सुती कापड आणलं. ते आधी धुतलं नाही. न धुतलेलं नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभरात तीन ते पाच इंच आटतं, जुनं कापड आटायचं तेवढं कधीच आटलेलं असतं. तांबडा रंग सुटेल अशी शंका आली होती, म्हणून फक्त एक तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून पाहिला. मिठाने रंग पक्का होतो हा घरोघरीचा समज आहे. एकदा रंगवून झालेल्या कापडावर मीठ तसं काही करत नाही.

शिवायला मी सगळं एका दुकानात यंत्रावर दिलं. यात दुकानदाराचा दोष नाही, मी सांगितलं तसं त्याने केलं. "टीप घट्ट हवी, बारीक हवी," असं मीच बजावलं होतं. यंत्राच्या बारीक टिपेत इंचाला दहा-बारा टाके पडतात. वाकळेला हाताने इंचाला तीन-चार टाके असतात. विरलेल्या कापडात इंचाला बारा भोकं पाडली की ते टपालाच्या तिकिटांच्या कागदासारखं होतं. ओढ बसली की नेमकं तिथेच फाटतं. शिवाय दोरा पॉलिएस्टरचा होता, म्हणजे कापडापेक्षा दोरा बळकट. ताण आला की कुणीतरी एकाने तुटायचं असतं. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड तुटलं तर काय घालणार? म्हणून वाकळेला सुती दोरा वापरतात. हे शहाणपण मी नंतर शिकले.

गोधडी तयार होऊन आली तेव्हा सुरेख दिसत होती. ८१ इंच लांब, ५४ इंच रुंद, मधोमध तांबडा पदर. उरलेल्या चांगल्या कापडाचे दोन उशांचे अभ्रे मी हाताने शिवले. गणपतीत आलेल्या सगळ्यांनी कौतुक केलं. गणपतीनंतर मी गोधडी धुतली. अस्तर तीन इंचांनी आखडलं, वरचं लुगडं जागोजागी फुगून आलं, आणि तांबडा रंग सुटून हिरव्या अंगावर तपकिरी ढग उमटले. पिळताना टिपेवर सात ठिकाणी फाटलं. मी ती वाळवली, घडी केली आणि कपाटात सगळ्यात मागे ठेवली.

दिवाळीआधी घराला रंग दिला. रंगाऱ्याने ब्रश पुसायला फडकी मागितली. मी माळ्यावरची तुकड्यांची पिशवी काढून त्याला दिली.

डिसेंबरमध्ये ताई आली. तिची मुलगी, माझी भाची, सात महिन्यांची गरोदर होती आणि तिला पुण्यात दाखवायचं होतं. रात्री जेवणं झाल्यावर ताई म्हणाली, "आईचं लुगडं काढ गं जरा. बाळाला दुपटं करायला त्यातला तुकडा घेते. आईचा हात लागल्यासारखं होईल."

मी गोधडी आणून तिच्यापुढे ठेवली. रंग सुटल्याबद्दल ती बोलेल, म्हणून मी मनाची तयारी केली होती. तिने रंगाकडे पाहिलंही नाही. चष्मा चढवून ती एकेक चौकोन बोटाने चाचपत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दंड कुठाय?"

"कसला दंड?"

"लुगड्याचा. मधोमध होता बघ. काळ्या दोऱ्यानं घातलेला."

लुगडं मध्ये फाटलं की फाटका भाग काढून टाकायचा आणि दोन्ही तुकडे जोडून घ्यायचे, त्या जोडाला दंड म्हणतात. माझ्या पिढीपर्यंत हा शब्द खेड्यात सगळ्यांना माहीत होता. मलाही होता. पण त्या वाकड्या शिवणीकडे पाहताना तो मला आठवला नव्हता.

मग ताईने सांगितलं. १९७२चा दुष्काळ. मी वर्षाचीही नव्हते, ताई सहा वर्षांची. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रोजची दोन्ही लुगडी फाटून संपली, तेव्हा तिने ट्रंकेतलं लग्नातलं इरकल काढलं. कामावर बाभळीच्या फांदीला त्याचीच झोळी बांधून मला त्यात निजवायची, स्वतः जुन्या चिंध्या जोडून केलेलं काहीतरी गुंडाळून खडी फोडायची. झोळी हलवायचं काम ताईचं. एक दिवस फांदीच्या काट्यात अडकून लुगडं फाटलं. मी खाली पडले, ताईने पायावर झेललं म्हणून डोकं वाचलं. त्या रात्री चिमणीच्या उजेडात आईने दंड घातला. हिरवा दोरा कुठून मिळणार? काळा होता, तो वापरला. ताई चिमणी धरून शेजारी बसली होती.

"मला मारलं नाही तिनं," ताई म्हणाली. "मला वाटलं होतं मारेल. नुसती म्हणाली, उजेड नीट धर."

आई त्या वर्षांबद्दल आमच्याशी कधी बोलली नाही. दुष्काळातल्या मिलोच्या भाकरीचा आणि सुकडीचा विषय निघाला तरी उठून आत जायची. ताई तेवढी साक्षीदार होती, आणि ती पट्टी हा पुरावा. ताईला मी एक फोन केला असता तर मला हे कळलं असतं. तो फोन का केला नाही, याचं खरं उत्तर असं, की ती "नको" म्हणेल याची मला भीती होती. मला ऐकायचंच नव्हतं.

पिशवी रंगाऱ्याला दिल्याचं मी त्याच रात्री सांगितलं. लपवलं असतं तर तिच्याकडे पुन्हा बघता आलं नसतं. ती काही बोलली नाही. सकाळी जाताना दारात म्हणाली, "तू विचारायला हवं होतंस मला." एवढंच. आमच्यात तीन महिने नीट बोलणं झालं नाही.

फेब्रुवारीत भाचीला मुलगी झाली. मी ते दोन अभ्रे उसवले. ते हाताने शिवलेले होते, गोधडीबरोबर धुतलेही नव्हते, म्हणून कापड शाबूत होतं. त्यांचं छोटं दुपटं केलं, दोन थरांचं, सगळ्या गाठी आतल्या बाजूला घेतल्या. बाळाच्या अंगाला गाठ टोचू नये म्हणून आई तशाच घ्यायची. ताईने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, गाठी शोधल्या. सापडल्या नाहीत. मग म्हणाली, "एप्रिलात गावाला ये. ती गोधडी घेऊन ये."

गावाकडे वाकळा उन्हाळ्यातच होतात. शेतात काम नसतं, अंगणात कापड पसरता येतं, आणि पावसाच्या आत अंथरुण-पांघरुण तयार लागतं. थोरली काकू आता ऐंशीच्या पुढची. सुईत दोरा ओवायला दिसत नाही, पण टाका अजून सरळ पडतो. मी गोधडी तिच्यापुढे पसरली आणि सगळे चौकोन उसवून पुन्हा नीट जोडायचा माझा बेत सांगितला. दोन टिपा उसवूनही दाखवल्या. दोन्ही ठिकाणी कापड दोऱ्याबरोबरच आलं.

काकूने माझा हात धरला. "उसवू नगंस. जेवढं उसवशील तेवढं फाटंल. हाय तसं आत घाल."

जुनी वाकळ फाटली की टाकत नाहीत, तिच्यावर नवी खोळ चढवतात. जुनी वाकळ आतला थर होते. आमच्या घरच्या एका वाकळेच्या पोटात दोन पिढ्यांची वाकळ आहे, हे मला काकूने तेव्हा सांगितलं. पूर्वी अंगावर घेतलेलं ते ओझं मला आठवलं. आम्ही तशीच सुरुवात केली. फक्त आखडलेलं तांबडं अस्तर आणि फायबरचा थर काळजीपूर्वक कापून वेगळा काढला, कारण फायबर आत सरकत राहतो आणि त्याला धावदोरा धरत नाही. खाली काकूचं एक धुवून मऊ झालेलं लुगडं, त्यावर काकांचं धोतर, मग आईच्या लुगड्याचे ते ५४ चौकोन, त्यांच्या फाटक्या जागांवर जुन्या मलमलीची ठिगळं, आणि वरून ताईच्या दोन सुती साड्या. सगळ्या कडा ताणून, मोठ्या टाक्यांनी टाचून घेतलं.

वाकळ कडेने सुरू करतात आणि फिरत फिरत आत येतात. चौघी चार कडांना बसल्या की कापड सारखं ताणलेलं राहतं. आम्ही तिघी होतो. चौथ्या कडेला पाळीपाळीने बसायचो. अकरा दुपारी लागल्या. त्या दुपारी काकू आणि ताई जे बोलल्या, त्यात आईबद्दलचं मला माहीत नसलेलं बरंच होतं. कात्री हातात घेण्याआधी मी या अंगणात येऊन बसायला हवं होतं. वाकळ झाली नसती तरी चाललं असतं.

आता आईचं लुगडं कुठूनच दिसत नाही. कडेला बोटांनी चाचपलं की चौकोनांचे जोड हाताला लागतात, तेवढंच. वाकळ ताईकडे आहे आणि थंडीत रोज वापरात असते.

मला कुणी विचारलं तर एवढंच सांगते. वस्त्र आधी हुंगा, धुण्याची घाई करू नका. अखंड पसरून दोन्ही बाजूंनी फोटो काढा. उजेडासमोर धरा, जाळी दिसली तर कापू नका, अखंडच थरांत घाला. नवं कापड जोडायचं असेल तर ते आधी दोन-तीनदा धुऊन वाळवा. दोरा सुती घ्या, टाका लांब घाला. आणि त्यावर जिथे जिथे रफू, ठिगळ, डाग किंवा वाकडी शिवण दिसेल, तिथे थांबा. ज्यांना त्याबद्दल ठाऊक असेल अशा प्रत्येकाला विचारा, म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात आधी.

वरच्या खोळीसाठी ताईच्या दोन साड्या जोडाव्या लागल्या. ताईने सुई माझ्या हातात दिली. दोन्ही कडा एकमेकींत दुमडायच्या, आधी एका बाजूने बारीक टाके, मग उलटून दुसऱ्या बाजूने. मी पहिल्यांदाच दंड घातला. दोरा काळा घेतला. मध्यावर तो जरा वाकडा गेला आहे. तो कुणी घातला आणि का, हे भाचीला सांगून ठेवलं आहे. आज इथेही लिहून ठेवते आहे. पुढे कधीतरी ही वाकळ कुणाच्या तरी टेबलावर पसरलेली असेल आणि त्यांच्या हातात कात्री असेल, तेव्हा त्यांना ते ठाऊक असावं.